बताशाचा उपवास

बाई गेल्या तेव्हा आम्हा जनावरांच्या डॉक्टर मंडळींनी उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये एक छोटीशी शोकसभा घेतली. जो उठला तो "बाई जरा विक्षिप्त होत्या, पण" असं म्हणूनच सुरू झाला. पुढे मग मनाने चांगल्या होत्या, प्राण्यांवर प्रेम होतं, वगैरे. मी मागच्या खुर्चीवर बसून चरफडत होतो. बाईंच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढली, आज त्यांचं क्लिनिक मीच चालवतो, आणि माझं म्हणणं असं की त्या विक्षिप्त होत्या, पूर्णविराम. त्या 'पण'ची त्यांना गरज नव्हती. त्यांच्या विक्षिप्तपणामुळेच या शहरातली कितीतरी घोडी आज आपल्या पायांवर उभी आहेत.

आता विक्षिप्तपणा म्हणजे काय, ते सांगतो. लस टोचून झाली की बाकीचे डॉक्टर बॅग उचलतात. बाई तिथलीच एखादी बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या. मालक म्हणायचा, "हो गया ना, मैडम?" बाई म्हणायच्या, "सुई हो गयी. काम अब शुरू हुआ है." मग निदान अर्धा तास त्या हलत नसत. मालकाला टांगा जोडायचा असो, घोडी वरातीला न्यायची असो, बाई बसलेल्या. बसून नुसतं घोड्याकडे बघायच्या. त्याचा श्वास, त्याची नाकपुडी, त्याच्या मानेवरची कातडी. आणि वेळ जावा म्हणून मालकाशी भांडायच्या. विषय कुठलाही चालायचा. उज्जैनचे पोहे चांगले की इंदूरचे, यावरून त्यांनी एका टांगेवाल्याला इतकं चिडवलं होतं की तो आपला घोडा सोडून तरातरा निघून गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. बाईंचा अर्धा तास छान गेला.

त्या साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या. शर्टाच्या डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेली अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी आणि सिरिंज. लसीची उलटी प्रतिक्रिया आली तर जीव वाचवणारं औषध हेच, आणि ते बॅगेत नको, अंगावर हवं, असा त्यांचा हट्ट. "बॅग उघडेपर्यंत घोडा थांबतो होय रे?" स्वतःच्या भाचीच्या लग्नात त्यांनी पैठणीवर तोच शर्ट चढवला होता. कारण नवरदेव घोडीवरून येणार होता आणि त्या घोडीला सकाळीच लस दिलेली होती. बहिणीने हात जोडले, भाची रडली, फोटोग्राफरने तर स्वच्छ सांगितलं की असा फोटो निघणार नाही. बाईंनी शर्ट काढला नाही. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत बाई चौकटीचा शर्ट घालून उभ्या आहेत आणि सगळ्यांत जास्त खूश त्याच दिसतात.

एकदाच तो रुमाल माझ्यासमोर सुटला. स्टेशनजवळच्या टांगास्टँडवर एका घोडीला लस दिली होती. मालक घाईत होता आणि बाई बादलीवर बसल्याबद्दल कुरकुरत होता. बाई त्याच्याशी भांडता भांडता मध्येच गप्प झाल्या. मला काहीच दिसलं नव्हतं. मग दिसलं. घोडीच्या मानेवर गांधी उठत होत्या, आधी एखाददुसरी, मग बघता बघता खांद्यापर्यंत. ती घामाने भिजली, श्वास घरघरला, पाय फाकले. बाईंनी कुपी फोडून औषध टोचलंसुद्धा, आणि मी अजून बॅगेची चेन शोधत होतो. घोडी वाचली. मालक रस्त्यातच मटकन बसला आणि रडायला लागला. बाई त्याला म्हणाल्या, "रो मत. अब बता, इंदौर के पोहे में क्या खराबी है?"

आमच्या धंद्यात एक वाक्य सगळे बोलतात. सुई टोचताना मालकाला सांगायचं, "कुछ नहीं होता." बाईंनी हे वाक्य जन्मात उच्चारलं नाही. त्या सांगायच्या, "होता है. बहुत कम होता है, लेकिन होता है. आधे घंटे में हो गया तो मैं बैठी हूँ. कल-परसों गर्दन सूज गयी, बुखार आया, खाना छोड़ा, तो मुझे फोन करना." व्यवसायातले ज्येष्ठ त्यांच्यावर उखडायचे. असं सांगितलं तर कोण लस घेईल? बाई म्हणायच्या, "खोटं बोलून टोचलेली सुई एकदाच टोचता येते. मला पुढच्या वर्षीपण यायचंय."

त्या घोड्यांना अहोजाहो करायच्या आणि बऱ्याचशा माणसांना अरेतुरे. शिवाय घोड्यांशी फक्त मराठीत बोलायच्या. "सरका हो जरा, पाय पडतोय तुमचा." मालक बिचारा हिंदीत ओरडून थकलेला असायचा, आणि घोडा बाईंच्या मराठीवर मुकाट्याने सरकायचा. कुणी म्हणालंच की तुमचे पूर्वज शिंदेशाहीत इथे आले, पागेत होते, म्हणून रक्तातच आहे, तर त्या फटकारायच्या, "पागेत होते म्हणजे लीद उचलत होते. रक्तात काय असणार त्याचं?"

आणि एक गोष्ट. बाई उपवास करत नसत. कुठलाही. त्यांना भूक सहन होत नसे, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे. शिवरात्रीला अख्खं गाव महाकालाच्या रांगेत उभं असायचं आणि बाई क्लिनिकच्या पायरीवर बसून कचोरी खायच्या. येणारे-जाणारे बघायचे. बाईही त्यांच्याकडे बघायच्या. देवावर त्यांचा राग नव्हता, रोज सकाळी त्या हात जोडायच्या. "त्याला माहीत आहे माझं पोट कसं आहे ते," एवढंच म्हणायच्या.

माधव नगरच्या पुढे एक मॅरेज गार्डन आहे. त्याचे मालक आपले मराठीच. वडील बँकेच्या नोकरीत नाशिककडून इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू. हल्ली लग्नांत मुलांना बसायला, फोटो काढायला बुटके घोडे ठेवायची टूम निघाली आहे. काकांनीही एक आणला. पांढराशुभ्र, कमरेएवढा, कपाळावर झिपऱ्या. काकूंनी नाव ठेवलं बताशा. काकांच्या लेखी ती गार्डनची शोभा होती. काकूंचं तसं नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला. सकाळचा चहा त्या बताशाच्या तबेल्यात बसून प्यायच्या आणि त्याला घरातल्या सगळ्या बातम्या सांगायच्या.

बताशाला पूर्वी लस दिली होती की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून बाईंनी एका शनिवारी त्याला धनुर्वाताची पहिली लस दिली. फक्त ती एकच. मोठ्या घोड्याला दोन-तीन लसी एकदम देतात, पण हे बुटके घोडे लसीला जास्त चिडतात असं बाईंचं अनुभवाने झालेलं मत होतं. "एका वेळी एकच भांडण," असं त्यांचं म्हणणं. नेहमीप्रमाणे त्या बादलीवर बसल्या, काकांशी कॅटरिंगवरून भांडल्या, काही झालं नाही. निघताना बजावून सांगितलं, "उद्या मान दुखू शकते. पाण्याची बादली आणि गवत छातीइतकं उंच टांगा, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही. आणि जेवला नाही तर लगेच फोन करा."

"हो, हो, करून देऊ ना," काका म्हणाले. ते त्या वेळी मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते.

रविवारी बाईंनी फोन लावला. गार्डनमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा धिंगाणा होता, कुणी उचलला नाही. सोमवारी सकाळी आम्ही तिकडेच निघणार होतो, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. माझ्याच मावशीने पाठवला होता, खाली हात जोडल्याच्या खुणा. बघतो तर बताशा. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचे हार, पाठीवर बेलाची पानं, भोवती बायकांचं भजन. आणि एक भारदस्त आवाज सांगत होता, "देखिए बाबा महाकाल का चमत्कार! सावन के सोमवार को इस बेजुबान ने भी व्रत रख लिया. न दाना, न पानी!"

मी हसत हसत फोन बाईंच्या पुढे धरला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"त्याच्या मानेकडे बघ," त्या म्हणाल्या. "कुणीतरी डावीकडून हाक मारली. त्याने मान वळवली का? अख्खा फिरला तो. फळीसारखी ताठली आहे मान. हा कसला उपवास करतोय? याला खाली वाकता येत नाहीये."

मी स्कूटर काढली. रस्ताभर बाई मागून माझ्या खांद्यावर बोटं रुतवत बोलत होत्या. मोठा घोडा दिवसभर जेवला नाही तर नुसता चिडतो. हे एवढेसे घोडे जेवले नाहीत तर त्यांच्या अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, रक्त दुधाळ होतं, यकृत बसतं. आणि मग भूक कायमची मरते. पुढे अमृत ठेवलं तरी तोंड लावत नाहीत. "लसीने मरणार नाही तो," बाई म्हणाल्या, "उपाशी मरेल. आणि हे लोक आरती करत बसतील."

गार्डनच्या फाटकाशी चपलांचा ढीग होता. दुपारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघायची होती, त्याआधी बायका हे दर्शन उरकून घेत होत्या. बताशा मधोमध उभा. त्याच्या पुढ्यात जमिनीवर पितळी थाळीत केळी, चण्याची डाळ, गूळ. शेजारी पाण्याचं घमेलं, तेही जमिनीवर. व्हिडिओतले ते भारदस्त आवाजाचे भैयाजी दांडीला मोबाइल लावून उभे होते. थाळीकडे बोट दाखवून ते सांगत होते, "सामने रखा है, फिर भी देख तक नहीं रहा. इसको कहते हैं संकल्प!"

तो बघत होता. मी चांगलं पाहिलं. त्याचे डोळे त्या घमेल्यावरच होते. मान दोन बोटं खाली जायची आणि थबकायची. मला फार वाईट वाटलं, आणि संतापही आला.

काकू पुढे आल्या, डोळ्यांत पाणी. "बघितलंत का डॉक्टर? काल संध्याकाळपासून याने काहीच नाही खाल्लं. मी केळं पण ठेवून बघितलं, नाही म्हणाला. मागच्या जन्मीचं काहीतरी पुण्य असेल हो."

"काकू, त्याची मान दुखते आहे," बाई म्हणाल्या. "मी शनिवारी सुई दिली तिथे सूज आहे. हे बघा." त्यांनी हार बाजूला केला. हाराखाली लिंबाएवढं टेंगूळ होतं. बाईंनी नुसतं बोट टेकवलं तर बताशा शहारला.

भैयाजी मध्ये पडले. "मैडम, हाथ मत लगाइए. ये आस्था का विषय है."

"आस्था आपकी, गर्दन इसकी," बाई म्हणाल्या. "हटिए."

"आपने ही सुई लगायी थी ना?"

"हाँ, मैंने ही लगायी थी. मेरी ही सुई से सूजा है. इसीलिए मैं आयी हूँ. आप किसलिए आये हैं?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. भजन थांबलं. काका घाईघाईने आले. लोकांसमोर तमाशा नको म्हणून ते दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आजचा दिवस जाऊन द्या ना. लोक लांबून येऊन राहिले आहेत. उद्या सकाळी या तुम्ही, काय करायचं ते करून घ्या."

"उद्या सकाळी तो मला ओळखणार नाही, काका."

"पण व्रत मोडलं तर पाप लागेल ना हो."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "कुठलं व्रत? आपल्या मराठी पंचांगात श्रावण अजून लागायचाय. हा हिंदी लोकांचा सावन चालू आहे. तुमचा घोडा मराठी घरातला. याने कुठल्या पंचांगाचा उपवास धरलाय ते मला सांगा."

आता हे अगदी खरं होतं. आमच्याकडे दरवर्षी हा घोळ असतो. शेजाऱ्यांचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस लागतो आणि आमचा त्यांच्यानंतर पंधरा दिवस उरतो. पण काकूंसारख्या बायकांना त्याचा फरक पडत नाही. त्या दोन्ही श्रावण पाळतात, दोन्हींचे सगळे सोमवार. काकूंनी तेच सांगितलं, "आम्ही दोन्ही धरतो."

"तुम्ही धरता. यानेही धरलाय हे कुणी सांगितलं?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. तो इतका खाली आलेला मी क्वचितच ऐकला आहे. "काकू, मागे तुमची अक्कलदाढ आली होती. गाल सुजला होता, तोंड उघडत नव्हतं. दोन दिवस पेजेवर काढलेत. तेव्हा कुणी तुम्हाला हार घातला होता का?"

काकू बताशाकडे बघत राहिल्या.

"मी पाजलं तर हे लोक म्हणतील डॉक्टरनीने बाटवलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही उचला ते घमेलं. त्याच्या तोंडापर्यंत उचला. खरंच व्रत असेल तर तो तोंड फिरवील. मग मी मुकाट्याने घरी जाईन."

भैयाजींनी मोबाइल पुढे केला. काकू वाकल्या, घमेलं उचललं. ते जड होतं, पाणी हिंदकळून त्यांच्या पदरावर सांडलं. त्यांनी ते बताशाच्या नाकासमोर धरलं.

बताशाने तोंड घातलं ते काढलंच नाही. घटाघटा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मी घमेल्याला आधार द्यायला पुढे झालो तर काकूंनी मला कोपराने ढकललं. घमेलं रिकामं झालं आणि तो तळ चाटायला लागला.

"तोड़ दिया! व्रत तोड़ दिया!" मागून कुणीतरी ओरडलं. भैयाजी मोबाइलकडे तोंड करून सांगायला लागले की एका डॉक्टरनीने आज कसा अधर्म केला.

आणि मग काकू वळल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "तहानलेला होता तो!" त्या ओरडल्या. मग हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून, "प्यासा था! कल से प्यासा था और हम भजन गा रहे थे! चलो, निकलो सब यहाँ से! भैयाजी, वो मोबाइल नीचे करो, नहीं तो ये घमेला सिर पे मारूँगी!"

काकांनी त्यांना आवरायचा प्रयत्न केला, पण तो अगदी नावापुरता. लोक पुटपुटत, चपला शोधत निघून गेले. काकू तिथेच मातीत बसल्या आणि बताशाच्या पायांना मिठी मारून रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं. त्या स्वतः शिरेतून वेदनाशामक द्यायच्या तयारीला लागल्या. मी पडद्याच्या दोरीने गवताची पेंडी खांबाला उंच बांधली. सुरुवातीला त्याने नुसतं हुंगलं. बाई बादली पालथी घालून बसल्या. दुपारी लांबून सवारीचे ढोल ऐकू आले, सगळा मोहल्ला ओस पडला, तरी बाई बसूनच. काकूंनी बाईंसाठी पोळीभाजी आणली आणि स्वतः उपाशीपोटी शेजारी बसल्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा बताशाने गवताचा पहिला मोठा घास ओढला. मग दुसरा. बाई म्हणाल्या, "जेवा हो, सावकाश जेवा," आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. घाम होता म्हणाल्या.

त्या व्हिडिओने पुढे आमची बरीच शोभा झाली. क्लिनिकवर चार माणसं आली, माफी मागा म्हणाली. बाई म्हणाल्या, "जिसका व्रत टूटा है उसको भेजो, उससे माँग लूँगी." ती माणसं गेली, पण त्यांचं बोलणं मागे राहिलं. सुई लागली की घोडा जेवण सोडतो, असं टांगास्टँडवर पसरलं. लोक लस नको म्हणायला लागले. याचं मात्र बाईंना लागलं. आमचे व्यवसायबंधू म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो ना, "कुछ नहीं होता" म्हणत जा. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी टांगास्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात सांगायला लागल्या की हो, सूज येते, मान आखडते, ताप येतो, त्याला असं असं करायचं असतं, आणि धनुर्वात झाला तर काहीच करता येत नाही. लोक हसले. त्या रोज जायला लागल्या. सगळे वळले असं मी म्हणणार नाही. काही अजूनही वळलेले नाहीत.

महिनाभराने बताशाच्या दुसऱ्या मात्रेची वेळ आली. पहिलीवर थांबलं तर संरक्षण पुरं होत नाही. काकांनी फोनवर साफ नाही सांगितलं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढ."

काका फाटकातच उभे होते. भला माणूस, पण घाबरलेला. "डॉक्टर, तुमच्याबद्दल काही नाही. पण पुन्हा तसं झालं तर? ही वेडी होऊन जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "असं करू या का? अर्धी द्या. एवढासा तर आहे तो. माणसाच्या पोराला नाही का आपण अर्धी गोळी देत?"

हे सगळेच विचारतात. मला वाटलं, एवढं मानतायत तर अर्धी तरी देऊ या. मी बाईंच्या कानाशी तसं म्हणालोही.

"नाही," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "लस वजनावर द्यायची नसते. अर्धी दिली तर दुखेल तेवढंच आणि उपयोग होईल की नाही सांगता येणार नाही. वर तुम्ही निर्धास्त व्हाल की दिली. त्यापेक्षा देऊच नये. धनुर्वात अर्धा येत नाही, काका. तुमच्या या मंडपाचे खिळे पडलेले असतात इथे सगळीकडे."

"मग राहूनच द्या."

"बरं." बाई खरंच वळल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील, बसून राहतील. पण त्या स्कूटरकडे चालायला लागल्या, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. तो हरलेल्या माणसाचा होता. तसा चेहरा मला त्यांच्यावर आवडला नाही.

"थांबा," मागून हाक आली. काकू बताशाला दोराने धरून घेऊन आल्या होत्या. "द्या. पूर्ण द्या. मी धरते त्याला."

"अगं, पण—" काका म्हणाले.

"तुम्ही मंडपाचं बघा," काकू म्हणाल्या.

बाईंनी आधी वेदनाशामक दिलं. या वेळी मान सोडून मागच्या मांडीत लस टोचली. मग बसल्या. काकूंनी बादली आणि गवत आधीच उंच टांगून ठेवलं होतं. सगळं नीट झालं, तरी काकूंचं तोंड पांढरं पडलेलं. आम्ही निघताना त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मी ठरवलंय. उद्या तो नीट जेवेपर्यंत मी पण तोंडात काही घालणार नाही."

बाई भडकल्या. "अजिबात नाही! आता या घरात कुणी उपवास करायचा नाही. तोही जेवेल आणि तुम्हीही जेवायचं. तुमची साखर खाली आली तर मी माणसांची डॉक्टर नाही. कळलं?"

काकूंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई फोनपाशी बसून होत्या. मला म्हणत होत्या की दहा वाजेपर्यंत वाट बघू, पण नऊ वाजायच्या आधीच स्कूटरची किल्ली त्यांनी हातात घेतली होती. फोन वाजला, मी उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"जेवला," काकू म्हणाल्या. "थोडा लंगडतोय, पण सगळं गवत संपवलं त्याने. आता चणे मागतोय."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"आता बसतेय."

"आता? म्हणजे कालपासून काही खाल्लं नाहीत? मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "तुम्ही घोड्याचं बघा. माझं मी बघते."

फोन बंद झाला. अख्ख्या उज्जैनमध्ये बाईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्या मोठ्यांदा हसल्या, आणि मला म्हणाल्या, "बघितलंस? हिला आता कुणाच्या बापाची भीती नाही."